हुकुमदाराचा चौथरा

आमच्या गावाच्या वर, काशीदचा रस्ता वळतो तिथं टेकडीच्या नाकावर सिमेंटचा एक मोठा गोल चौथरा आहे. मधोमध लोखंडी कडं, बाजूला छप्पर उडालेली दारूगोळ्याची खोली. ह्या जागेला सगळे हुकुमदार म्हणतात. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, हुकुमदार म्हणजे गावाचा राखणदार देव. तिची काय चूक? नावच तसं. कुणाला न सांगता ती नारळ घेऊन वर गेली आणि त्या कड्याला हळदकुंकू लावून आली.

माझा बा हसून हसून खोकायला लागला. मोठ्या लढाईच्या वेळी बा तरणा होता आणि वर पलटणीला पाणी वाहायचा. समुद्रातून दुश्मन येईल म्हणून तिथं तोफ बसवलेली. कोण वर येताना दिसलं की पहाऱ्यावरचा शिपाई ओरडायचा, "हू कम्स देअर?" म्हणजे कोण आहे तिकडं. आमच्या लोकांच्या कानात त्याचं हुकुमदार झालं.

"सूनबाय, देव न्हाय तो, शिपायाची बोंब हाय," बा म्हणाला.

मी तिला विचारलं, "मग मागितलंस काय त्याच्याकडं?"

"तुमाला अक्कल," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

बा सांगायचा, लढाई चालू असतानाच वरून हुकूम आला आणि सगळी मांडणीच बदलली. मोठी तोफ सोडवून दुसऱ्या बंदराला नेली. तिच्या जागी लहान आली, ती त्या कड्यावर बसेना. मग सिमेंटात नवी भोकं पाडली, ती अजून दिसतात. गोरे गेले, देशी शिपाई आले, त्यातलेही अर्धे परत हलवले. शेवटी दोघे शिपाई, एक दुर्बीण आणि एक कोंबडा एवढीच पलटण उरली. तोफ कधी उडाली नाही. कोंबडा मात्र त्यांनी खाल्ला.

चौथऱ्याचा खरा उपयोग माझ्या बायकोनं शोधला. जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळूत सुकवला की खाताना दाताखाली कचकच येते. तिनं टोपली डोक्यावर घेतली, वर गेली आणि सिमेंटवर जवळा पसरला. स्वच्छ, कडकडीत सुकला. अलिबागच्या बाजारात तिची पाटी आधी संपायला लागली, तशा बाकीच्या बायकाही वर चढल्या.

यंदा होळीनंतर माझी बायको वारली. पुढच्या ग्रामसभेत विषय निघाला, चौथरा फोडून पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा करायची. बायका उठल्याच. "हुकुमदाराला हात लावाल तर बघा! देव हाय तो!"

सरपंच माझ्या भावकीतला. माझ्याकडं वळला. "काका, तुमचा बा तिथं कामाला होता. तुमीच सांगा, देव हाय का?"

सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. व्हय म्हटलं असतं तर चौथरा तिथंच वाचला असता. पण खोटं मला जमत नाही, आणि गेलेल्या बायकोच्या नावावर तर नाहीच.

"देव-बिव काय न्हाय," मी म्हणालो. "तोफेची जागा हाय."

"घ्या! बायको असती तर तिनं बाहेर काढलं असतं ह्याला!" मागून एक ओरडली.

"ऐक पुढं," मी म्हणालो. "माझी बायको जन्मभर त्या सिमेंटवर वाकली. सरपंच, तुझी आयपण तिथंच वाकली. गाड्या खालीबी उभ्या ऱ्हातील. जवळा कुठं पसरायचा ते सांग, आन् मग फोड."

सरपंचानं बायकांत बसलेल्या आईकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "फोड की. मग जेवायला कुठं जाशील ते पण ठरव."

सभा हसत सुटली. सरपंचही हसला. गाड्यांची जागा खाली रस्त्याकडंच्या पडीक खाचरात गेली.

घरात बसवत नाही, म्हणून आता सकाळचा मी वर जातो. बायका जवळा पसरून खाली जातात, मी हातात काठी घेऊन कावळे हाकतो. त्यातली एक कावळी फार धीट आहे. मान वाकडी करून माझ्याकडं बघते, मग पोटभर खाते. तिला मी हाकत नाही.