तंबाखूच्या वखारीतले प्रोफेसर

बेळगावापासून निपाणीपर्यंतच्या मुलखात आमच्या शेजाऱ्यांएवढा थोर जादूगार झाला नाही, हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे. त्यांच्या जादूविषयी मी बोलत नाही. जादू त्यांना बेताचीच येत असे. गायब केलेला रुमाल कोटाच्या बाहीतून डोकावतो आहे, हे तिसऱ्या रांगेपर्यंत सर्वांना दिसे. पण खेळ संपल्यावर जागा आवरण्यात त्यांचा हात धरील असा माणूस मी पाहिला नाही.

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या ओळीत सगळे वकील आणि मास्तर. प्रत्येकाच्या दारावर नाव आणि नावापुढे पदवी. शेजाऱ्यांच्या पाटीवर नुसतेच ‘प्रोफेसर’ होते. त्या काळी जादूगार स्वतःला प्रोफेसर म्हणवीत, आणि खऱ्या प्रोफेसरांची त्याला हरकत नसे. समोरच्यांना काही कळू नये, ही अट दोन्ही धंद्यांत सारखीच होती. गल्ली मात्र त्यांना आप्पा म्हणे. मी शाळामास्तर, सुट्टीत हिंडायची हौस म्हणून त्यांच्या पेटीबरोबर मीही जात असे.

खेळाच्या गावी पोचले की आप्पा आधी जागेला नमस्कार करीत आणि मग खराटा मागत. बाके कशी मांडली आहेत हे कागदावर काढून ठेवीत, म्हणजे जाताना ती तशीच लावता यावीत. खानापूरच्या एका शाळेत एक बाक मुळातच वाकडे होते. आप्पांनी ते खेळानंतर मोजून पुन्हा वाकडे लावले. निघताना पुढच्या जादूगारासाठी एक चिठ्ठी शाळेच्या शिपायापाशी ठेवीत. त्या शाळेतली चिठ्ठी मी वाचली आहे: ‘डावीकडून तिसरी फळी हलते. कंदिलाचा आकडा मजबूत आहे. हेडमास्तर पहिल्या रांगेत बसतात. त्यांना पत्ता ओढायला देऊ नये. ते तीन ओढतात.’

दुसऱ्या जादूगाराचा खेळ असला की आप्पा तिकीट काढून पुढे बसत आणि त्याने काही केले रे केले की तोंडाचा आ करीत. एकदा मी म्हटले, “आप्पा, हे तर तुम्ही स्वतः करता. मग एवढे चकित कशाला व्हायचे?”

“म्हनूनच तर, मास्तर,” ते म्हणाले. “किती अवघड हाय ते बाकीच्यास्नी कुठं ठाव असतंय? एकानं तरी जानून टाळी वाजवाय नको व्हय?”

असा माणूस जगात टिकणे कठीण, हे त्यांच्या पत्नीला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळले होते. त्यांना आम्ही आक्का म्हणत असू. आक्कांच्या भावाची खानापुरात लाकडाची वखार होती आणि तिथे एका कारकुनाची जागा बरीच वर्षे आप्पांची वाट पाहत होती. महायुद्धाच्या आधीच्या एका दिवाळीत आक्कांनी माझ्यासमोरच निकाल दिला. “औंदा निपानीचा खेळ झाला तर झाला. न्हाय झाला तर पेटीला कुलूप लावा आन् दादाकडं जावा. हातचलाखी लाकडं मोजायबी उपेगी पडंल.”

आप्पा पेटीच्या कड्या पुसत बसले.

निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखूच्या हंगामात माणसांनी फुललेली ती एकच बाजारपेठ आम्हाला जवळ. तिथे चार-पाचशे माणूस मावेल अशी एकच झाकलेली जागा होती, एका जैन शेठजींची वखार. आणि शेठजींनी जादूगारांना ती बंद केली होती. त्यांची बाजू मला पटण्यासारखी होती. आधीच्या एका जादूगाराने तिथे तोंडातून जाळ काढला होता. तंबाखूच्या वखारीत.

आप्पा वर्षभरापासून पत्रे पाठवीत होते. शेवटी शेठजींनी एका दुपारच्या खेळाला परवानगी दिली, पारख म्हणून. जाळ नको, पाखरे नकोत आणि अंडे तर मुळीच नको. आप्पांचा सगळ्यात चांगला खेळ रिकाम्या पिशवीतून अंडे काढण्याचा. आप्पांनी अंड्याच्या जागी कांदा धरला, मग जैन घरात कांदाही चालत नाही हे आठवून बटाटा घेतला, आणि तोही जमिनीखालचा म्हणून ठेवून दिला. लिंबू घेतले तेव्हा आक्का ओरडल्या, “लिंबू दावताय? लोक करनी केली म्हनतील आन् धोंडे मारतील!” सरतेशेवटी पेरू ठरला. पेरूवर कोणत्याही धर्माचा आक्षेप निघाला नाही.

खेळाच्या दिवशी आम्ही सकाळी आठलाच वखारीत पोचलो. शेठजी पेढीवर होते, राखणदार चहाला गेला होता. आप्पांनी आत पाऊल टाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. इतकी घाण त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. जमिनीवर तपकिरी धूळ, कोपऱ्यात तिचाच कमरेएवढा ढीग. दोन तास ते झाडत होते. मी नाकाला उपरणे बांधून पाट्या भरल्या, आणि तो सगळा ढीग आम्ही मागच्या कोरड्या खड्ड्यात नेऊन टाकला. फरशी चकचकली. “आता शेठजी न्हाय म्हनूच शकत न्हाईत,” आप्पा म्हणाले.

चार वाजता वखार भरली, अंधार हवा म्हणून दारे लोटली. झाडलेली धूळ अजून हवेतच होती. निपाणीकर तिच्यातच लहानाचे मोठे झालेले. एकाचीही पापणी हलली नाही. बेळगावची नाके दोनच, आप्पांचे आणि माझे. आप्पांनी पिशवी उलटी करून दाखवली, “काय दिसतंय? काय न्हाय!” म्हटले, आणि शिंकले. बाहीतून पेरू उडून शेठजींच्या पायाशी गेला. दुसऱ्या शिंकेला तीन रुमाल निघाले. तिसरीला पत्त्यांचा अख्खा जोड. लोक बाकांवर उभे राहून टाळ्या पिटू लागले. “आनि एकदा! शिंका की ओ, प्रोफेसर!”

दुसऱ्या कोणीही वाकून दाद घेतली असती. आप्पांनी हात जोडले. “माफी असावी. ह्यो खेळ न्हवता. ही शिंकच हाय.” लोकांना हा विनोद सगळ्यांत जास्त आवडला.

खेळानंतर शेठजी पेरू हातात घेऊन पुढे आले. खूष होते. “लई झ्याक. आन् त्यो कोपऱ्यातला चुरा गायब केलासा, त्योबी झ्याक. आता आना की परत.”

“कुठला चुरा?” आप्पा म्हणाले.

“तपकिरीचा. सगळ्या हंगामाचा गोळा केलता.”

मला मागचा खड्डा आठवला. सोबतीला शेठजींचे दिवाणजी उभे होते, तेही उत्सुकतेने इकडेतिकडे बघू लागले. एखाद्या जादूगाराला इतकी सोपी सुटका क्वचितच मिळते. उद्या सकाळी परत येईल, असे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे आणि रात्रीत पाट्या वाहायच्या. मी आप्पांचा कोट मागून ओढलाही.

“गायब न्हाय केला, शेठजी,” आप्पा म्हणाले. “कचरा म्हनून मी खड्ड्यात टाकला. चूक माजी हाय. मास्तरास्नी काय बोलू नगासा.”

शेठजींनी वाकून त्या चकचकीत फरशीवर बोट फिरवले. “एवढ्या वर्सांत,” ते दिवाणजींना म्हणाले, “ही फरशी काळी हाय का लाल, मला ठाव न्हवतं.” आणि निघून गेले. याचा अर्थ काय, आम्हाला कळेना. आप्पांनी शांतपणे बाके जागच्या जागी लावली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही खड्ड्यात होतो. आप्पा सुपाने पाखडत, मी चाळत होतो, आणि दोघेही शिंकत होतो. माती, खडे, काड्या वेगळ्या काढून दुपारपर्यंत ढीग पुन्हा कोपऱ्यात उभा राहिला. दिवाणजींनी चिमूट उचलून हुंगली आणि डोळे मिटले. “शेठजी, ह्यात खडाच न्हाय ओ. असला माल आपल्याकडं कवा निघालाय?”

शेठजींनीही हुंगली. मग आप्पांना म्हणाले, “पुढल्या वर्सी या. दर वर्सी या. दुसरं कोन जादूगार असले तर त्येनास्नीबी सांगा, वखार उघडी हाय.”

आप्पांचे डोळे भरून आले. ते तपकिरीनेच, असे ते पुढे सांगत. त्या संध्याकाळी त्यांनी मुलखातल्या चार जादूगारांना पत्रे लिहिली. आधी पेरू कुठून निघाला हे पाचशे लोकांना दिसल्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली, आणि मग निपाणी उघडल्याचे कळवले. खानापूरची जागा शेवटी आक्कांच्या दुसऱ्या भावाने धरली. आक्का पुढच्या हंगामापासून पेरू स्वतः निवडून देऊ लागल्या.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षे झाली. निपाणीला गेलो की मी त्या वखारीवरून मुद्दाम जातो. अजूनही हंगामात तिथे कोणी ना कोणी नवा जादूगार पेटी उतरवताना दिसतो, आणि उगाच बरे वाटते. दारावर मराठीत आणि कानडीत एक पाटी आहे: ‘जादूगारांनी आत झाडू नये.’