आकाइतीची तिवाईवाई

तेओकोताईला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या छपरावर. वाऱ्याने वाकलेली अँटेना तो सरळ करत होता आणि खाली त्याची बायको आकाइती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अजून डावीकडे," ती ओरडली.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून विचारतोस?"

आम्ही शिक्षक हसलो. तो हसला नाही. त्याने अँटेना डावीकडे वळवली; तिच्या.

तो बेटावरच्या वीजघरात कामाला होता. निवृत्त झाल्यावर बायकांचं शिवणमंडळ चालवणाऱ्या पोकोइना मावशींनी त्याला मंडळाच्या कामाला जुंपलं. आमच्या या मांगाया बेटावर माणूस गेलं की त्याला घरातल्या सगळ्यात चांगल्या तिवाईवाईत गुंडाळतात आणि दारासमोरच्या अंगणात पुरतात. फुलापानांची नक्षी कापून, टाके घालून केलेली ती मोठी चादर. एकेका बाईची दोन-दोन वर्षं तिच्यात गेलेली असतात. ती मातीत जाते. मावशींचं म्हणणं असं, की जाण्यापूर्वी तिचा फोटो तरी राहावा, शिवणारीच्या नावासकट. बेटाबाहेर मोठे फोटो पाठवायचे तर इंटरनेट रडतखडत चालतं. म्हणून तेओने चर्चच्या हॉलमधल्या कपाटात कॉम्प्युटरचं एक मशीन ठेवलं आणि मंडळाची वेबसाइट त्याच्यावरच बसवली. बायका फोन घेऊन हॉलमध्ये येत आणि फोटो चढवत. ऑकलंडहून सुटीला आलेली नातवंडं तिथेच बसून ते बघत.

"गेला का रे माझा फोटो?"

"गेला, मावशी. कपाटात आहे. आता तो पुसून फोन मोकळा करा, नाहीतर नातवाच्या नाचाचा व्हिडिओ कुठे ठेवाल?"

चढवलेले फोटो कुठे ठेवायचे, हे वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो ते स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. तेओने सांगितलं नव्हतं. सगळं चालत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

पुढे आकाइती थोड्या दिवसांच्या आजारात गेली. तिने शेवटी शिवलेल्या तिवाईवाईतच तिला ठेवलं: जांभळ्या कापडावर नीरफणसाची पिवळी पानं. गुंडाळण्याआधी ती पलंगावर पसरून तेओने स्वतः फोटो काढले. दुसऱ्या कुणाला काढू दिले नाहीत. मग ते कपाटात चढवले आणि आपल्याच नियमाप्रमाणे ते पुसून फोन मोकळा केला.

काही महिन्यांनी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. ती बसवताना प्रोग्रॅमचा जुना फोल्डर पुसला जाऊन नवा आला. नावांचं स्पेलिंग तपासायला मी त्या दिवशी हॉलमध्ये होते. नावं होती, नक्षीची वर्णनं होती. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन होते.

"तेओ, फोटो दिसत नाहीत."

त्याने पाहिलं. "हो. ते जुन्या फोल्डरमध्ये होते."

"मग तो कुठे आहे?"

"पुसला."

कुठल्या रस्त्याची वीज गेली आहे हे सांगावं, तसं त्याने सांगितलं. पुसलेलं परत मिळतं का, हे तो बरेच दिवस बघत राहिला. मिळालं नाही.

मग त्याने दुसरी डिस्क जोडली, प्रोग्रॅमच्या बाहेर वेगळा फोल्डर केला आणि त्याचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. पहिला फोटो चढेना. त्या फोल्डरमध्ये लिहायची प्रोग्रॅमला परवानगी नव्हती. ती दिली. हॉलमधल्या एका खुर्चीचा फोटो चढवला. मशीन बंद करून चालू केलं, खुर्ची होती. प्रोग्रॅम सगळा काढून पुन्हा बसवला, तरी खुर्ची होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

मंडळ जमलं तेव्हा पोकोइना मावशी कडाडल्या, "फोन मोकळा करा म्हणून तूच मागे लागला होतास!"

"मी नाही केला बाई," मागून एक जण म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याचं ऐकत नाही, याचं कशाला ऐकू?"

अशा न ऐकणाऱ्या बऱ्याच निघाल्या. ऑकलंडच्या नातेवाइकांकडूनही फोटो आले. आकाइतीच्या तिवाईवाईचा फोटो कुणाकडेच नव्हता.

मी त्याच्या घरी गेले, तेव्हा तो कबरीभोवतीचं गवत कापत होता. मला बघून त्याने यंत्र बंद केलं.

"ती इथेच आहे, बाई," तो म्हणाला. "इथे खाली. पण मधल्या पानाचं टोक कुठल्या बाजूला होतं, ते मला आठवत नाही."

मलाही आठवत नव्हतं. त्याने यंत्र पुन्हा चालू केलं.

तशीच दुसरी शिवायची असं मावशींनी ठरवलं. हॉलमध्ये कापड पसरलं आणि भांडणं सुरू झाली.

"पिवळा म्हणजे असला नव्हे. पिकल्या आंब्याचा."

"तुझे आंबे पिकतात तरी का?"

"तेओ, ती शिवायची तेव्हा तू शेजारी बसायचास. तू सांग."

"तुम्ही म्हणाल तसं," तेओ म्हणाला आणि कपाटाकडे गेला.

चादर पुरी व्हायला वर्ष उलटलं. बायकांनी ती हॉलच्या जमिनीवर पसरली. तेओ चपला काढून तिच्या कडेकडेने सावकाश एक फेरी फिरला.

"कशी झाली?" मावशींनी विचारलं.

"चांगली झाली."

"ते नाही विचारत. तशी झाली का?"

"नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली. एकीने डोनट्सचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक घेतला. मग हात पुसून फोटो काढला, चढवला आणि शिवणारीच्या रकान्यात त्या साऱ्या बायकांची नावं लिहिली. वेबसाइटवरच्या आकाइतीच्या पानावर त्याने तो लावला नाही. तिथला चौकोन रिकामाच आहे.

नवी तिवाईवाई बायकांनी त्याच्या घरी नेऊन दिली. ती आता त्याच्या पलंगावर असते. तो तिच्यावर झोपतो.