खुंटीवरचा धोटा

हिंगणघाटातलं विणकर पंचायतीचं जुनं सभागृह पाडायला निघालेत, ते वाचावं म्हणून मी पत्रकं वाटते. तिथली किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका रोज भेटतात. आत चिटपाखरू नसलं तरी कुलूप काढण्याआधी दोनदा खाकरतात. मला हसू यायचं.

काल मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं, "ही वास्तू म्हणजे कष्टकऱ्यांची एकजूट!"

काकांनी झाडू ठेवला आणि खुंटीवर लटकलेला, मागावर आडवा दोरा फिरवणारा लाकडी धोटा फडक्यानं पुसला.

"पंचाइनं ठरवल्यापेक्षा कमी भावात कोनं लुगडं इकलं, का त्याचा धोटा इथं टांगत. मंग माग बंद. हा माह्या बापाचा हाये. माय बिमार होती म्हून इकलं त्यानं. तो मरेपर्यंत पंचाइनं वापस नाई देला."

मी हादरले. हीच ती एकजूट? "किल्ली तुमच्याकडे आहे ना? मग न्या तो घरी! आणि पाडू द्या हे!"

काका दचकले. "म्यां नेला त चोरी होईन, पोरी. ज्याइनं टांगला, त्याइनंच द्यावा लागते."

त्या पंचांतला एकही आज जिवंत नाही.

"पण पाडू नको देजो," काका कुलूप लावताना म्हणाले. "पडलं त लोक म्हणतीन, असं काई झालंच नाई."