पगार तपासणीच्या दिवशीचा कोट

वडील कधीच वारले हे ठाऊक असूनच मी सिंगापूरच्या विमानात बसले. इंग्रजांच्या अमलात ते तिथं बंदराच्या सरकारी कचेरीत कारकून होते. मी पाळण्यात असताना गेले, ते परत आलेच नाहीत. आम्हाला बोलावून का घेतलं नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. युद्धानंतर त्यांचा कोट-बुटातला फोटो आला होता. सोबत ‘लवकरच बोलावतो’ एवढीच ओळ. पुढं आली ती ते गेल्याची तारच. "तिकडे साहेब झाला, आपण इथं भाकरीला मोताद," असं म्हणून आईनं फोटो ट्रंकेत पालथा टाकला.

तिथल्या सेंगकांग भागात माझा मुलगा सुहास राहतो. रस्ते इतके स्वच्छ की शिंकायचीही भीती वाटावी. सकाळी त्यानं हॉकर सेंटरला (छपराखालच्या खाऊगल्लीत) नेऊन कोपी (तिथली कॉफी) पाजली. काढा बरा. अर्धी टाकली.

दुसऱ्या दिवशी मरीन परेड भागात एका घरी गेलो. सुहासच्या ऑफिसातल्या एका तमिळ बाईंनी आमचं आडनाव ऐकून त्याला हटकलं होतं. त्यांची आई मीनाक्षीअम्मा लहानपणी माझ्या वडिलांच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचे वडीलही त्याच कचेरीत कारकून. अम्मा इंग्रजीत बोले, सुहास मला मराठीत सांगे.

"नाक बापाचंच," ती दारातच म्हणाली. "आत ये, इडली गार होतेय."

मी सरळ विचारलं, "माझ्या बापानं इथं दुसरं लग्न केलं होतं का?"

अम्मा हसली. "एकाचं पोट भरत नव्हतं त्या पगारात. दुसरी बायको कुठली आणतोय?"

मग तिनं सांगितलं. महागाई भडकली तेव्हा सरकारनं नोकरांचे पगार तपासायला साहेबांची समिती बसवली. गोऱ्यांना बायकामुलांसाठी भत्ता होता, आपल्या लोकांना नव्हता. तो मिळाला की वडील आम्हाला आणणार होते. गाऱ्हाणं मांडायला कारकुनांनी त्यांनाच निवडलं. साहेबापुढं जायचं तर नीटनेटकं जायला हवं, म्हणून साऱ्या चाळीनं त्यांना सजवलं. कोट अम्माच्या वडिलांचा, लग्नातला. बूट आणखी कुणाचे. कोट संध्याकाळी परत द्यायचा होता, म्हणून जातानाच बायकोला पाठवायला फोटो काढून घेतला.

"साहेबानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं," अम्मा म्हणाली. "म्हणाला, असा कोट घालणाऱ्याला कसली कमी? सजवलं आम्ही, घालवलंही आम्हीच."

भत्ता मिळाला नाही. वर्ष सरायच्या आत वडील क्षयानं गेले.

"फाटक्या सदऱ्यात गेले असते तर?"

"तर शिपायानं दारातूनच हाकललं असतं."

निघताना अम्मानं बळेच इडलीचा डबा भरून दिला.

चिपळूणला घरी पोचले आणि आधी ट्रंक उघडली. फोटो सुलटा केला. कोटाच्या बाह्या मनगटाच्या कितीतरी वर. खांद्यांवर कापड ताणलेलं. हे कुणालाही दिसलं असतं. आईनं एकदाच पाहिला आणि जन्मभर त्यांना शिव्या दिल्या. आता सांगायला ती नाही.

साहेबाला जे दिसलं, तेच तिलाही दिसलं. नुसता कोट.