बाबलीचं ग्रीस

मालवण बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाबलीचं कधी काही चुकत नसे. चुकायचं ते डिझेलचं, नाहीतर होडीच्या मालकाचं. वयाची एकसष्ट वर्षं झाली, तरी ‘माझं चुकलं’ हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बायकोने, सुभद्रेनेही नाही, आणि तिने काही कमी वाट पाहिली नव्हती.

त्याची सून दीपिका लग्नांचं शूटिंग करी. काम झकास, पण घरच्या लॅपटॉपला तेवढ्या व्हिडिओचं ओझं पेलत नसे, म्हणून एडिटिंगला सगळं कोल्हापूरला जाई. तिथला माणूस निम्मी कमाई खाई आणि वर नवरीच्या डोक्यावर गुलाबी बदाम उडवून पाठवी. आपलं काम आपल्या हाताने पुरं व्हावं, एवढंच दीपिकाला हवं होतं. तयार कॉम्प्युटरच्या किमती ऐकून तिने तो नाद सोडला, तेव्हा बाबली म्हणाला, "गो, तीन सिलिंडरचा इंजिन मी डोळे मिटून बांधतंय. ह्यो डबो माका बांधूक येवचो नाय?"

दीपिकाने डोकं लावून यादी केली. प्रोसेसर आणि मेमरी नवी, कारण खरं काम तिथेच, ग्राफिक्स कार्ड जुनं, स्क्रीन घरातली. पेटी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतली. तिचा गंज बाबलीने खरवडला आणि होडीला मारतात तो निळा रंग दोनदा दिला. खारा वारा कॉम्प्युटर म्हणून थोडाच सोडतो! मग मोबाइलवर बघत बघत त्याने दोन दिवसांत सगळं जोडलं. स्क्रीनवर उजेड आला तेव्हा अख्ख्या वाडीला चहा पाजला.

आठवडाभर बसून दीपिकाने तारकर्लीच्या एका लग्नाची फिल्म जुळवली. आता शेवटची फाईल काढायची, की झालं. दहा टक्के झाले आणि कॉम्प्युटर फटकन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"व्होल्टेज नाय," बाबली सवयीने म्हणाला.

"बाबा, डोक्यावरचो पंखो तर गरगर फिरता." तिने तिसऱ्यांदा लावला आणि स्क्रीनवरचा आकडा दाखवला. प्रोसेसरचा ताप शंभर अंशांवर जात होता. "प्रोसेसरच खराब इलो आसतलो. चार दिवसात फिल्म देवची आसा. कोल्हापुराकच धाडतंय." तिने फोन उचलला.

शंभराचा आकडा पाहून बाबलीला आपला प्रताप आठवला. प्रोसेसरवर बसवायच्या पंख्याच्या बुडाला, ताप ओढून घेणाऱ्या करड्या लेपाचा एक चौकोन होता. कारखान्यातली घाण समजून त्याने तो रॉकेलच्या फडक्याने पुसून काढला होता आणि तिथे होडीच्या शाफ्टला लावतात ते पांढरं ग्रीस थापलं होतं. हात आखडता न घेता. गप्प राहिला असता तर कोणाला कळणारही नव्हतं, खापर दुकानदारावर फुटलं असतं. पण नंबर शोधणाऱ्या सुनेचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

"ठेव तो फोन," तो म्हणाला. "प्रोसेसर बरो आसा. माझाच चुकला."

स्वयंपाकघरातून सुभद्रा खोबऱ्याने माखलेल्या हातांनी धावत आली. आपण नीट ऐकलं ना, याची तिला खात्री करायची होती.

बाबलीने खाली मान घालून सगळं सांगितलं. ते ऐकून दीपिका हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ग्रीस? म्हणजे प्रोसेसर गरम होता म्हणान आपणच बंद पडता! देवा, माका वाटला सगळाच गेला!"

ती रिक्षाने बाजारात जाऊन त्या लेपाची ट्यूब घेऊन आली. बाबलीने ग्रीस स्पिरिटने पुसलं आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"लेप तुमीच लावा. मुगाच्या दाण्याएवढा फक्त."

त्याने लावला. मोजून तेवढाच. फाईल पुन्हा सुरू झाली. दहा, अकरा, चाळीस. बाबली जेवायलासुद्धा उठला नाही. शंभर टक्के झाले तेव्हा त्याने असा श्वास सोडला की सुभद्रेने वळून पाहिलं.

"सुटलंय मी," तो म्हणाला.

तेवढ्यात नवरीच्या आईचा फोन आला. "व्हय, झाली फिल्म," दीपिका सांगत होती. "नाय, आता कोल्हापूर नाय, घरीच केलंय. कॉम्प्युटर? आमच्या बाबांनी बांधल्यानी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "बाबांनीच तर! एकट्यानी."

ग्रीसचा तिने शब्दही काढला नाही. बाबली उठला आणि डोळे पुसायला अंगणात गेला.