टॉवेलाखालचा हात

माझा बाप जनावरांचा दलाल. घोडेगावच्या बाजारात त्याच्या टॉवेलाखाली निम्म्या तालुक्याची बोटं येऊन गेली असतील. टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरायची, जितकी धरली तितका भाव. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बाप म्हणायचा, "तोंडाचं ऐकू नको, हाताचं ऐक. हात थरथर कापला की समज, गडी अडलाय. मग त्याला सोडायचा नाही." पुढं मी हॉटेल काढलं, पण टॉवेल काही सुटला नाही.

गेल्या वर्षी मुळा धरणाच्या काठावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराची शिडाची होडी बघायला गेलो. गिऱ्हाइकांना पाण्यात फिरवायला मला ती हवी होती. फोनवर त्यानं पन्नास हजार सांगितले होते. म्हातारा उजवा हात पैरणीच्या खिशात घालून उभा. भोवती सात-आठ मच्छीमार, तमाशा बघायला.

"कशापायी विकता हो?" एकानं विचारलं.

"कटाळा आला," म्हातारा म्हणाला. "न्हाईतर माझ्यावानी शीड धरनारा हाय का कुनी हितं?"

मी होडीत चढलो, स्क्रूड्रायव्हरनं फळ्या टोचत गेलो. तळाची एक फळी मऊ लागली. बास! मला तेवढंच पाहिजे होतं.

"फळी सडकी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "डोलकाठी वाकडी. शीड म्हणजे नुसती गोधडी. काय चुलीत घालायला नेऊ का काका ही?"

लोक फिदीफिदी हसले. डोलकाठी सरळसोट होती, मला दिसत होती.

"ती मी सोता तासलीय," म्हातारा एवढंच म्हणाला.

"बरं, चारचौघांत नको. टॉवेलाखाली बोलू. एका बोटाला दहा हजार. आणा हात."

धरणावर मासळीचा भाव ओरडून होतो, त्याला ही रीत ठाऊक नव्हती. तो घुटमळला. मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या खिशावरच टाकला आणि आतून हात ओढून घेतला. हात लटलट कापत होता. मनातल्या मनात मला उकळ्या फुटल्या. चार बोटं धरणार होतो, तीन धरली. थरथर थांबेना, तशी आणखी एक सोडली. उरलेली दोन त्याला दुखेपर्यंत दाबली. त्यानं लोकांकडं पाहिलं आणि मान हलवली. टॉवेल काढायच्या आत हात पुन्हा खिशात गेला.

पैसे काढायला गाडीपाशी आलो, तर तो मागोमाग आला. म्हटलं, आता हा रडगाणं गाणार. मी आधीच तोंड वाकडं केलं.

"दोन वरसं झाली, हात असाच कापतो," तो हळू म्हणाला. "शिडाची दोरी धरवत न्हाई. काठावर कुनाला ठावं न्हाई, मी कळू दिलं न्हाई. आज समद्यांम्होरं शोभा झाली असती. तुमी वळखलं आन् वरून टॉवेल टाकला. लई मोठं मन हाय तुमचं. तवाच ठरवलं, ह्या मानसासंगं ताणायचं न्हाई."

लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण तीस हजार वाचले होते.

"त्यात काय, काका," मी म्हणालो आणि वीसच मोजून दिले. त्यानं ते डाव्या हातानं घेतले आणि कपाळाला लावले.