लिटिट्समधला बंद रविवार

या सहलीचं ठरलं ते आमच्याच दारात, उभ्या गाडीत. सप्टेंबरमधली संध्याकाळ होती. माझी बायको स्मिता हॉस्पिटलमधून आली, गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि घरात आलीच नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. भात निवला. शेवटी मी बाहेर जाऊन तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, फक्त उठवत नाहीये. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ऑक्टोबरमध्ये कुठेतरी जाऊ या.

"जाऊ या," ती म्हणाली. "पण मला काही ठरवायला लावू नकोस."

आम्ही ब्रिस्टलला राहतो त्याला वीसेक वर्षं झाली. स्मिता म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डवर कन्सल्टंट डॉक्टर आहे. मी विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. मुलगी ईशा लीड्सला शिकते. ठरवायचं माझ्यावरच आलं, म्हणून मी माझ्या आवडीचं ठिकाण निवडलं: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा आमिश मुलुख. आमिश म्हणजे युरोपातून तिकडे जाऊन वसलेले, शेती करणारे ख्रिस्ती लोक. अजूनही घोडागाडीतून फिरतात, घरात तारेवरची वीज घेत नाहीत. आणि तरी त्यांचे सुतारकामाचे कारखाने जोरात चालतात, दाबलेल्या हवेवर. मला ते कधीचं बघायचं होतं. राहायला मी त्या भागातलं लिटिट्स नावाचं छोटं जुनं गाव शोधलं. स्मिताला दाखवलं तेव्हा तिने फोटोकडे नीट न बघताच मान हलवली.

ब्रिस्टलहून अमेरिकेला थेट विमान नाही. पहाटेचा कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, पकडून लंडनचं हीथ्रो, तिथून फिलाडेल्फिया. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ऑनलाइन परवानगीवर काम भागतं, भारतीय असेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी बऱ्याच आधीपासून धडपडावं लागेल. ऑक्टोबरमध्ये पानं रंगतात म्हणून खोल्यांचे भावही चढलेले असतात. स्मिता कोचमध्ये झोपली, विमानात झोपली, फिलाडेल्फियाला इमिग्रेशनच्या रांगेत माझ्या खांद्याला टेकून उभ्या उभ्या पेंगली. मी भाड्याची गाडी घेतली. उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, गियर समजून डावा हात सारखा दारावर आपटत होता. एरवी अशा वेळी स्मिता शेजारी बसून मला दहा सूचना देते. त्या दिवशी एकही दिली नाही. दोन तासांचा रस्ता, पहिला अर्धा नुसता मॉल आणि सिग्नल, आणि मग एकदम मक्याची शेतं आणि पांढरी घरं सुरू होतात. पुढे एक करडी घोडागाडी चालली होती, पाठीवर केशरी त्रिकोण लावलेली. मी वेग कमी करून "बघ, बघ" म्हणालो. तिने डोळे उघडले, "छान आहे," म्हणाली आणि पुन्हा मिटले.

शनिवारी सकाळी लिटिट्स पायी बघितलं. अर्ध्या दिवसात होतं. हे गाव मुळात आमिश लोकांचं नाही, मोरेव्हियन नावाच्या दुसऱ्या एका पंथाने वसवलेलं आहे. जवळजवळ शंभर वर्षं पंथाबाहेरच्या माणसाला इथे घर घेता येत नसे. मुख्य रस्त्यावर दगडविटांची जुनी घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, चर्चसमोर चौक आहे, आणि मागे त्यांची दफनभूमी. तिथले सगळे दगड जमिनीत आडवे बसवलेले, सगळे जवळपास सारख्याच मापाचे. श्रीमंत-गरीब असा फरक नको म्हणून. नवरा-बायकोही शेजारी नाहीत, बायकांच्या रांगा वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मी हे सगळं फोनवरून वाचून दाखवत होतो. स्मिता एका दगडापाशी बराच वेळ उभी राहिली. नाव झिजून गेलेलं होतं.

"इथे बरं आहे," ती म्हणाली. मला ते 'बरं' आवडलं नाही.

जुन्या बेकरीत प्रेट्झेल, म्हणजे पिठाच्या दोरीला गाठ मारून भाजलेला पाव, स्वतः वळून बघता येतात. मी वळलेला चकलीच्या वाटेने गेला. जेवण एका साध्या हॉटेलात घेतलं. शाकाहारी माणसाने उपाशी राहायचं कारण नाही, बटरमध्ये परतलेल्या नूडल्स, मका, बीटचं लोणचं आणि कुस्करलेला बटाटा सगळीकडे मिळतो. शूफ्लाय पाय म्हणून एक गोड प्रकार आहे तो मात्र चुकवू नका. पहिल्या घासाला मी थांबलो, कारण चव थेट काकवीची. कोल्हापूरकडच्या माणसाला दुसरं काही सांगायला नको. स्मिताने अर्धा तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे सरकवला. दुपारी आम्ही झऱ्याकाठच्या बागेत बसलो. मी पाण्यातल्या बदकांचे फोटो काढून आलो तर ती बाकावर पर्स डोक्याखाली घेऊन झोपलेली. येणारेजाणारे बघत होते. मला लाज वाटली, हे खरं सांगतो.

मग आला रविवार. वाचकहो, मी इतकं सगळं शोधलं, पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. आमिश मुलुख रविवारी बंद असतो. शेतावरचे स्टॉल बंद, कारखाने बंद, गोधड्यांची दुकानं बंद, आमिश लोकांच्या घरचं जेवण तर नाहीच. लिटिट्समध्येही एखादं कॉफीचं दुकान सोडलं तर शुकशुकाट. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण नाश्ता वाढताना म्हणाली की लोक इथे येतात आणि रविवारी तिच्यावर रागावतात. मीही मनातल्या मनात रागावलोच. एवढा खर्च, एवढा प्रवास, मोजून मिळालेली रजा. स्मिताला म्हणालो, निदान गाडीने चक्कर मारू.

"तू जा ना," ती म्हणाली. "मी झोपते."

मी एकटाच निघालो. बर्ड-इन-हँड नावाचं गाव, मग त्याच्या पुढचं, मग अशीच लहान वाट. एका शेताच्या घरापुढे कितीतरी घोडागाड्या ओळीने उभ्या होत्या. हे लोक चर्च बांधत नाहीत, आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमतात. मी लांब गाडी लावून काच खाली केली. आतून गाण्याचा आवाज येत होता, इतका सावकाश की एकेक शब्द ओढून धरल्यासारखा. त्यांना आपले फोटो काढलेले आवडत नाहीत, म्हणून कॅमेरा बाहेर काढला नाही. बायकोने हे ऐकायला हवं होतं, हाच विचार डोक्यात. थोड्या वेळाने त्याची जागा दुसऱ्याच विचाराने घेतली. शुक्रवारपासून ती किती झोपली आहे? कोणी माणूस इतका झोपतो?

परत आलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. खोलीचे पडदे ओढलेले. ती सकाळी होती त्याच कुशीवर. मी हाक मारली, तिने ओ दिली नाही. मी वाकून तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास लागला तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसलो. त्या हालचालीने ती जागी झाली.

"काय रे?"

"काही नाही. तू उठेनास."

ती कूस बदलून उताणी झाली. मग तिने जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं. ऑगस्टमध्ये एका सकाळी ती वॉर्डच्या दारापाशी पोचली आणि तिला दार ढकलता येईना. हाताला काही झालं नव्हतं. आतून ट्रॉलीचे आवाज येत होते, कोणीतरी नर्सला हाका मारत होतं. ती मागे वळली, कार पार्कमध्ये जाऊन गाडीत बसली आणि नंतर परत आत जाऊन राउंड घेतला. कोणाला कळलं नाही. त्यानंतर तसं बऱ्याचदा झालं. ऑफिसमध्ये कागदपत्रं आहेत असं सांगून ती खाली जायची.

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू उपाय काढला असतास."

मी तोंड उघडलं होतं ते खरोखर उपाय सांगायलाच. जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, ड्यूटीचा रोटा बदलून घे, काही महिने कसं तरी काढ, मग बघू, एवढी सगळी यादी तयार होती. मी ती गिळली. तिच्या शेजारी आडवा झालो. बूट घातलेलेच होते. तिने माझा हात धरला नाही, पण सरकून जागा करून दिली. पडद्यामागे उजेड होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मलाही झोप लागली. किती वर्षांनी आम्ही दोघं दुपारी एका वेळी झोपलो, आठवत नाही.

सोमवारी सगळं उघडलं. सकाळी मी एक फर्निचरचा कारखाना बघून आलो. डिझेल इंजिन बाहेर शेडमध्ये, तिथून हवेचे पाइप आत, करवतीपासून पॉलिशपर्यंत सगळं त्या हवेवर. एरवी मी यावर चार पानं लिहिली असती. त्या दिवशी माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

संध्याकाळी एका आमिश घरी जेवण होतं. अशी जेवणं आधी ठरवून घ्यावी लागतात. पैसे रोख न्या, कार्ड चालत नाही. वाढायला एस्टर नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या, डोक्यावर पांढरी टोपी, पायात धावायचे बूट. सून स्वयंपाकघरात होती. टेबलाशी एक अमेरिकन जोडपंही होतं, ते लवकर उठून गेलं. आम्ही शूफ्लाय पाय संपवत बसलो. स्मिताने खिडकीतून दिसणाऱ्या एका लहान घराबद्दल विचारलं. मोठ्या घराला चिकटून बांधलेलं, वेगळ्या दाराचं. एस्टरबाई म्हणाल्या, ते आजी-आजोबांचं घर. मुलगा शेती हातात घेतो तेव्हा आईबाप तिकडे राहायला जातात. त्यांचे यजमान आता नाहीत, त्या एकट्याच तिथे असतात.

स्मिताने चमचा खाली ठेवला. "मोठं घर सोडायची वेळ आली, हे तुम्हाला कसं कळलं?"

मला वाटलं बाई देवाचं काहीतरी सांगतील.

"सुनेने कधी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "मी सकाळी चुलीपाशी जायच्या आधी पायरीवर बसायला लागले. रोज. मग म्हटलं, आता पुरे."

"वाईट वाटलं?"

"हो. पहिलं वर्ष मी रोज इथे येऊन तिचं मीठ चाखायचे. तिला फार राग यायचा." स्वयंपाकघरातून सून काहीतरी त्यांच्या जर्मन बोलीत म्हणाली आणि त्या दोघी हसल्या.

"आणि आता दिवसभर काय करता?"

"दुपारी झोपते," एस्टरबाई म्हणाल्या.

स्मिता हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि पाणी थांबेना. एस्टरबाईंनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, टेबलावरच्या ताटल्या उचलल्या आणि आत गेल्या. मी कागदी रुमाल पुढे केला. परतीच्या वाटेवर स्मिता झोपली नाही. पुढे एक ट्रक आला तेव्हा म्हणाली, "अरे, जरा हळू." मला इतकं बरं वाटलं की मी पुढचं वळण चुकलो.

दुसऱ्या दिवशी विमानाची वाट बघताना ती म्हणाली की तिला काही महिने सुट्टी घ्यायची आहे, आणि त्यानंतर नोकरी ठेवायची की नाही ते आत्ता ठरवायचं नाही. मी म्हणालो बरं. माझ्या डोक्यात घराचे हप्ते आणि ईशाची फी येऊन गेली, पण मी बरं म्हणालो. हीथ्रोहून ब्रिस्टलचा कोच पावसामुळे रखडला. दोघंही दमून गेलो होतो.

आता नोव्हेंबर संपत आलाय. तिला सुट्टी मिळाली, सहजासहजी नाही, पण मिळाली. जीपीकडे ती स्वतःहून गेली. अजून खूप झोपते. काही दिवस बरे जातात, काही अजिबात नाही. मागच्या आठवड्यात तिची बस हॉस्पिटलवरून जाणारी निघाली, तर ती आधीच्याच स्टॉपवर उतरून चालत घरी आली. पुढे काय होईल ते तिला ठाऊक नाही, मलाही नाही. तुम्ही विचाराल, जावं का लिटिट्सला? जा. सहलीत रविवार येऊ द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी आता कोणाला सल्ला देत नाही.

काल दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. तिचं नाव बघून मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो. इतक्या वर्षांत तिचा कामावर फोन आला तो काहीतरी कारणानेच, ईशाला ताप, बॉयलर बंद, तिची ड्यूटी लांबली. ती बंदरावर फिरायला गेली होती, मागे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही रे," स्मिता म्हणाली. "सहजच केला."